बताशाच्या पानावरची ओळ

पोळ्याचा दुसरा दिवस, तान्हा पोळा. वार बुधवार. हजर: बाबा, आई, धाकटी बहीण छबू, शेजारचे केशवबुवा, दुपारपासून उरकुडे कंपाउंडर, आणि मी. गोठ्यात: दोन बैल, एक गाय, चांदणी घोडी आणि तिचं अडीच वर्षांचं शिंगरू बताशा.

हे मी आठवून लिहीत नाही. चौदाव्या वर्षी दोनशे पानी वहीत निळ्या शाईनं लिहिलं होतं, ते तसंच उतरवून घेते आहे. पानाच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग आहे आणि मधे एका ओळीखाली कागद जरा खरबरीत झाला आहे. तिथे माझं बोट बराच वेळ टेकलेलं होतं. त्या ओळीपर्यंत येऊच.

आमचं घर वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या कडेला होतं, म्हणजे तेव्हाच्या कडेला. घरामागे तीन एकर, विहीर, मोटर, आणि बारा महिने भाजी: मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात कारली आणि दोडके. पहाटे मोटरीच्या आवाजानं जाग यायची आणि जुड्या बांधायला बसलं की हातांना मातीचा आणि ओल्या सुतळीचा वास लागायचा, तो शाळेतही जात नसे. आईला लिहिता येत नव्हतं, बाबा एकेक अक्षर कोरत लिहायचे, म्हणून कोणत्या दिवशी कोणती भाजी किती जुड्या गेली हे लिहायचं काम माझ्याकडे आलं. मग त्या वहीत हळूहळू बाकीचं घरही शिरलं. गाय कधी व्याली, मोटर कधी जळली, छबूला गोवर कोणत्या दिवशी निघाला, शेजारी नेलेलं घमेलं परत आलं की नाही. घरात कशावरून वाद निघाला की बाबा म्हणायचे, ‘वंदाची वही आना.’ आणि वहीत जे असेल त्यावर वाद मिटायचा. केशवबुवांसारखा हट्टी माणूससुद्धा वहीपुढे मान तुकवायचा. वहीत आहे म्हणजे घडलं, नाही म्हणजे घडलं नाही. इतका मान चौदा वर्षांच्या मुलीला मिळू नये, असं आज वाटतं.

चांदणी आमच्याकडे आली ती आईच्या मामांकडून. ते वर्धा स्टेशनवर तांगा चालवायचे. ऑटो आले, तांग्यात बसणारे कमी झाले, आणि एक दिवस ते घोडी आणि तांगा दोन्ही घेऊन आमच्या अंगणात आले. ‘खाटकाले देन्यापेक्षा तुमच्या मेथीले देतो,’ म्हणाले. बाबांनी तांग्याची सीट काढून फळ्या ठोकल्या आणि त्यावर भाजीच्या पाट्या जाऊ लागल्या. घोडी गाभण आहे हे मामांनी सांगितलं होतं, पण शिंगरू पाहायला ते राहिले नाहीत. त्या वर्षीच्या उन्हाळ्यातच गेले. त्यांच्याबरोबर आमच्या घरातलं घोड्याचं सगळं शहाणपण गेलं, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. बाबांना बैल कळायचे. बैलाच्या डोळ्याकडे पाहून ते त्याचा ताप सांगायचे. घोडा म्हणजे त्यांच्या लेखी शिंगं नसलेला, जरा लाडावलेला बैल.

शिंगरू पांढुरकं निघालं, पायांच्या मधे लोंबणाऱ्या शेपटीपासून कानापर्यंत एकच फिका रंग. छबू तेव्हा पाच वर्षांची होती. तिनं जत्रेतल्या बत्ताशावरून नाव ठेवलं. त्याच्या सवयी माझ्या वहीत आहेत. आईच्या पदराचं टोक चावायचा. मोटर सुरू झाली की कान मागे टाकायचा, बंद झाली की एकदा खिंकाळायचा, जणू त्यानंच बंद केली. बाबा चांदणीला घेऊन बाजाराला निघाले की हा वाडग्याच्या, म्हणजे गुरांच्या आवाराच्या, कुंपणाला छाती लावून उभा राहायचा आणि परतीच्या वाटेवर तिच्या गळ्यातले घुंगरू दूरवर वाजले की आम्हाला ऐकू येण्याआधी त्याला ऐकू यायचे. दसऱ्यानंतर त्याला जुंपायला शिकवायचं असं ठरलं होतं. बाबांनी त्याच्या मापाचं खोगीर-पट्ट्याचं चामडं तेल लावून मऊ करून ठेवलं होतं. ते चामडं पुढे कित्येक वर्षं खुंटीला होतं.

आमच्या घरात पोळ्याची एक रीत होती, ती बाकी कोणाकडे नव्हती. गोठ्यात जो जीव आहे त्याला पोळ्याचा नैवेद्य, मग तो बैल असो की नसो. गायीला, शेळी असेल तेव्हा शेळीला, आणि चांदणी आल्यापासून घोडीला. आजीपासून चालत आलेलं. त्या वर्षी छबूनं हट्ट धरला की बताशालाही तोरणाखाली उभं करायचं. बाबा नको म्हणत होते, पण पोरीनं त्याच्या कपाळाला बेगड चिकटवलं, गळ्यात झेंडूची माळ घातली, आणि बैलांच्या रांगेच्या शेवटी हा उभा. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारे थांबले. केशवबुवा ओरडले, ‘अबे, बैलाइच्या लाइनीत नवरदेव कोठून आला?’ सगळी रांग हसली. बाबाही हसले. मग घरोघरी ओवाळणी झाली आणि ज्या ज्या दारात बैलांना पुरणपोळी दिली, त्या त्या दारात कौतुकानं नवरदेवालाही दिली. वर शिजवलेली ज्वारी, गूळ. बैल चार पोटांचा प्राणी, त्याला ते सोसतं. बताशानं किती दारांत किती खाल्लं हे मी मोजलं नाही. न मोजलेली ती त्या महिन्यातली एकच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यानं वैरणीला तोंड लावलं नाही. साडेसातला पुढच्या पायानं जमीन खोरायला लागला. आठला आडवा पडला, लोळला, उठला, परत पडला. चांदणी दावणीला हिसके देत होती. नऊला त्याच्या मानेवर घाम आला आणि तो पुन्हा पुन्हा वळून स्वतःच्या पोटाकडे पाहू लागला, जणू तिथे कोणीतरी बसलं आहे. छबू त्याच्याजवळ उभी राहून लाकडी नंदीची दोरी हाताला गुंडाळत होती. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी मिरवतात, तिलाही तिचा मिरवायचा होता. ती गेली नाही.

केशवबुवा कुंपणावरून डोकावले, आत आले, त्यांनी बताशाच्या पोटावर थाप मारून कान लावला. गुराढोरांना काही झालं की आसपासचे लोक आधी त्यांनाच विचारायचे आणि दहातले आठ बैल त्यांच्या हातानं बरे व्हायचे, हे खरं आहे. ते म्हणाले, ‘पोट फुगलं गा. तेल पाज.’

आई म्हणाली, ‘आधी कंपाउंडरले बलवा नं. हा घोडा होय.’

‘बैलाले काय अन् घोड्याले काय, पोट तं पोटच राहते,’ केशवबुवा म्हणाले.

बाबांनी निरोप धाडला, पण गुरांच्या दवाखान्यातून माणूस यायला दोन-तीन तास लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. तोवर हात बांधून बसणं बाबांना जमणारं नव्हतं. गोठ्याच्या आढ्याला एक बांबूचा नळा अडकवलेला असायचा, एक टोक तिरपं कापलेला, वापरून वापरून काळा गुळगुळीत झालेला. बैलाचं पोट फुगलं की त्याचं तोंड वर करून गालाच्या कडेनं त्यातून औषध ओतायचं. आईनं गोडतेलात ओवा-हिंग कढवलं. बाबांनी दोर लिंबाच्या फांदीवरून टाकून बताशाचं तोंड वर ओढलं, केशवबुवांनी नळा धरला. मी वही घेऊन दोन हात अंतरावर. पहिला घोट गेला. दुसऱ्याला तो ठसकला. तोंड खाली घ्यायला धडपडला, पण दोर ताणलेला होता. केशवबुवा म्हणाले, ‘सोडू नको, अर्धं राह्यलं.’ नळा रिकामा झाला तेव्हा त्याच्या दोन्ही नाकपुड्यांतून तेलाची पिवळी धार आली. तो खोकला, खूप खोकला. आईनं पदरानं त्याचं नाक पुसलं. मी लिहिलं: ‘दहा वीस. तेल पाजलं, नळ्यानं. ठसका. नाकातून तेल.’

या घराचं आणि उरकुडे कंपाउंडरचं आधीचं एक भांडण इथे सांगायला हवं. सरकारी दवाखान्यात ते डॉक्टरच्या हाताखाली होते, पण सायकलवर वस्तीवस्तीनं फिरायचे तेच. चाळिशीचे, उंच, शर्टाच्या खिशात कायम थर्मामीटर. आदल्या वर्षी आमच्या गायीला नळ्यानं काहीबाही पाजून मग त्यांना बोलावलं होतं, तेव्हा ते दहा माणसांत बाबांना म्हणाले होते, ‘मले बलवाचं असन तं आधी काही पाजाचं नाई. अन् पाजलं असन तं मले बलवाचं नाई.’ बाबा त्या दिवशी खाली मान घालून उभे होते. त्यांना तसं उभं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

उरकुडे सव्वाबाराला आले. सायकल लिंबाला टेकवली, बाह्या वर केल्या, बताशाच्या हिरड्या दाबून पाहिल्या, पोटाला नळी लावून दोन्हीकडून ऐकलं. बाबांनी तोवर नळा आढ्याला परत अडकवला होता आणि बताशाचं नाक-तोंड पाण्यानं धुतलं होतं.

‘काय चारलं?’

‘पोळ्याचं,’ बाबा म्हणाले. ‘जराजरासं सगळ्याइनं.’

‘काही पाजलं काय?’

‘नाई जी.’

उरकुडेंनी हवेत वास घेतला. ‘हिंगाचा वास येऊन राह्यला.’

‘कढीले फोडनी देल्ली सकाळी,’ आई म्हणाली. कढी खरंच केलेली होती. आई खोटं बोलली नाही, हे तिनं पुढे आयुष्यभर धरून ठेवलं.

तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या वहीकडे गेलं. ही काय लिहिते, त्यांनी विचारलं. माझ्याआधी छबू बोलली, ‘ताईच्या वहीत सगळं राहते.’ तिच्या आवाजात अभिमान होता. उरकुडे खरोखर खूश झाले. म्हणाले, असं लिहून ठेवणारं घर मी अख्ख्या तालुक्यात पाहिलं नाही, जनावराला तोंड नसतं, त्याचं तोंड म्हणजे अशी वही. मग म्हणाले, ‘वाच बरं बाई, सकाळपासून.’

मी वाचलं. सात, वैरण नाही. साडेसात, जमीन खोरतो. आठ, लोळला. नऊ, घाम. माझं बोट पुढच्या ओळीवर आलं. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. ते बताशाच्या आयाळीत अडकलेलं झेंडूचं फूल काढत होते आणि ते निघत नव्हतं. मी वाचलं, ‘अकरा. उभा, मान खाली.’

‘नऊपासून अकरापर्यंत काही नाई?’

‘तेव्हा मी घरात होती,’ मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या कामाला लागले. वहीवर त्यांचा विश्वास बसला होता. इतरांसारखाच.

त्यांनी मानेत एक सुई दिली, दुसरी जरा वेळानं. हळूहळू फिरवत राहा म्हणाले, लोळू देऊ नका, तोंडानं काही म्हणजे काही देऊ नका, आणि घोड्याच्या पोटात नाकातून नळी टाकणारा मोठा डॉक्टर उद्या रजेवरून येईल, त्याला निरोप देतो. जाताना त्यांनी बताशाच्या कपाळावरचं बेगड अंगठ्यानं सरळ केलं. हे वहीत नाही, पण मला आठवतं.

आणि बताशाचं पोट उतरलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे सगळे हे विसरले. पाच वाजता त्यानं लीद टाकली. पोट मऊ पडलं. खोरणं थांबलं. केशवबुवांनी बाबांच्या पाठीवर हात मारला. आईनं कढी-भात वाढला आणि आम्ही गोठ्याच्या दाराशी बसून जेवलो, सकाळपासून पहिल्यांदा. फक्त तो श्वास भराभर घेत होता. आम्हाला वाटलं, दमला आहे.

गुरुवारी सकाळी त्याच्या अंगाला हात लावला तर चटका बसावा इतका ताप. नाकपुड्या फाकलेल्या, मान पुढे ताणलेली, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली एक घडी पडायची. खोकला सुरू झाला. खोकताना तो पाय फाकवून उभा राहायचा, म्हणजे पडू नये. बाबा त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. दोन तास, न हलता. मी त्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी एक ओळ लिहिली. एवढ्या बारीक अक्षरात मी पुन्हा कधी लिहिलं नाही. मोठे डॉक्टर आलेच नाहीत. दुपारी अडीचला मोटर बंद झाली, मला वाटलं आता खिंकाळेल. त्याचा कान फक्त वळला. तीनला तो गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर. बाबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. नाकातून फेस आला, त्यात पिवळट तवंग होता. बाबांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला आणि सोग्याकडे पाहत राहिले. तीन वीसला संपलं. छबू म्हणाली, ‘उठवा नं त्याले.’ 

विहिरीपलीकडे बोरीजवळ खड्डा खणला, तळाला मीठ टाकलं. माती लोटणं चाललं होतं तेव्हा उरकुडेंची सायकल आली. घोडा कसा आहे विचारायला आले होते. खड्डा पाहून सायकल हातात धरूनच उभे राहिले. आमच्याकडे कोणी आलं की आधी पाणी देतात. त्या दिवशी कोणी दिलं नाही. बाबा फावडं टेकवून म्हणाले, ‘साहेब, तुमच्या सुईनं गेला माहा घोडा.’

उरकुडेंनी सायकल स्टँडला लावली. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, गोठ्याच्या आढ्याकडे पाहिलं असं मला आज वाटतं, पण ते खरं की माझ्या मनानं नंतर घातलेलं हे सांगता येत नाही. मग ते माझ्यापाशी आले. आवाज अजिबात चढवला नाही.

‘पोरी, तुह्या वहीत काही राह्यलं तं नाई?’

‘नाई जी,’ मी म्हणाले. वही माझ्या छातीशी होती.

ते सायकलवर बसून गेले. चांदणी तीन दिवस कुंपणाला छाती लावून उभी राहायची, अगदी तो उभा राहायचा त्याच जागी, आणि बाजाराला जुंपायला नेलं तर मागे वळून वळून पाहायची. आईनं पंधरा दिवस हिंग वापरलं नाही. याचं कारण कोणी विचारलं नाही.

‘सुईनं गेला’ हे वाक्य मात्र चालायला लागलं. पानठेल्यावर गेलं, बाजारात गेलं, भाजीच्या पाटीबरोबर घरोघर गेलं. बाबा खोटं सांगत होते असं मी म्हणणार नाही. सुई दिली आणि दुसऱ्या दिवशी घोडा गेला, हे दोन्ही खरंच होतं. सांगता सांगता त्यांना ते तसंच दिसायला लागलं. मलाही. मी वहीच्या शेवटच्या पानावर ‘कंपाउंडरले विचाराचे प्रश्न’ म्हणून यादीच केली होती. सुई कोणती? दोन का दिल्या? ताप मोजला का? मोठ्या डॉक्टरला त्याच दिवशी का नाही आणलं? सहा प्रश्न. चांगले प्रश्न होते ते, आजही वाटतं. फक्त उत्तर त्याच वहीत, अलीकडच्या पानावर, माझ्याच अक्षरात होतं. आमच्या बाजूच्या लोकांनी उरकुडेंना बोलावणं सोडलं. ते आमच्या रस्त्यानं जायचे, कोणी हाक मारायचं नाही. एकदा बसस्टँडवर भेटले. मी तोंड फिरवणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं, ‘चांदनी कशी हाय?’ मी बरी आहे म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांची बदली आर्वीकडे झाली. बदली सरकारी होती, पण आमच्याकडे लोक म्हणायचे, बताशाच्या पायी गेला.

दोन वर्षांनी चांदणीचं पोट दुखलं. तसंच खोरणं, तसंच वळून पाहणं. दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टर नवीन आले होते, ते योगायोगानं वस्तीतच होते, लगेच आले. ते येत होते तेव्हा बाबा आढ्यावरचा नळा काढत होते. डॉक्टरांनी तो त्यांच्या हातातून अक्षरशः हिसकला. घोड्याला असं तोंड वर करून पाजायचं नसतं, ते म्हणाले, ठसका लागला की तेल सरळ फुप्फुसात उतरतं, आणि मग पोट बरं होतं पण जनावर श्वासानं मरतं, एक-दोन दिवसांत. बैल सोसतो कधीकधी, घोडा नाही. बाबा ऐकत होते. मी दाराशी होते. आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं आणि एकाच वेळी नजर काढली.

मी डॉक्टरांना वाटेपर्यंत पोचवायला गेले आणि विचारलं, असं झालं आणि डॉक्टरला लगेच सांगितलं, तर वाचतं का? ते म्हणाले, ‘लगेच कळलं तर फुप्फुसाचं औषध सुरू करता येतं. काही वाचतात, काही नाही.’ मग माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘का? कोणाचं गेलं?’ मी म्हणाले, कोणाचं नाही.

काही वाचतात. हे दोन शब्द मी त्या दिवशी वहीत लिहिले नाहीत. लिहायची गरज पडली नाही.

चांदणी वाचली, आणखी सात वर्षं जगली. बाबांनी तो नळा पुन्हा कधी वापरला नाही, जाळलाही नाही. आणि गोष्ट सांगायचीही सोडली नाही. फक्त त्या दिवसानंतर ते ती जरा भराभर सांगायला लागले.

आता शेताचे प्लॉट पडून लेआउट झाला आहे. बोरीच्या जागी एका निवृत्त मास्तरांच्या घराचं पोर्च आहे, त्यात पांढरी गाडी असते. केशवबुवा गेले, आई गेली. बाबा ब्याऐंशीचे आहेत, माझ्याकडेच असतात. त्यांच्या गोळ्यांचा तक्ता फ्रिजवर आहे, तो मीच केला आहे, आणि त्यात आजवर एक चौकोन रिकामा राहिलेला नाही. गेल्या महिन्यात छबूचा जावई आला होता. बाबांनी त्याला बताशाची गोष्ट सांगितली: तोरण, नवरदेव, बेगड, आणि मग, ‘एक कंपाउंडर होता, त्याच्या सुईनं गेला.’ सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे मान वळवली. ‘नाई काय व, वंदा? तुह्या वहीत हाय नं?’

सदतीस-अडतीस वर्षांत त्यांनी वहीचं नाव या गोष्टीत कधी काढलं नव्हतं. त्यांनी ते का काढलं, त्यांना माझ्याकडून पक्कं करून हवं होतं की मी एकदाचं नाही म्हणावं अशी त्यांची इच्छा होती, हे मला कळलं नाही. मी चहा टाकायला उठले. पाणी उकळून अर्धं होईपर्यंत ओट्यापाशी उभी होते. परत आले तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले नव्हते.

उरकुडे आर्वीत असतात, मुलाकडे. मी चौकशी केली आहे. डोळ्यांनी कमी दिसतं पण ऐकू चांगलं येतं, म्हणजे वही वाचून दाखवता येईल. फोन नंबरही मिळाला आहे, पण हे फोनवर करायचं काम नाही. मी व्यवस्थित बाई आहे, असं सगळे म्हणतात. माझ्या डायरीतलं कोणतंही काम आठवड्याच्या वर पडून राहत नाही. हे एक काम मी दर पोळ्यानंतर नव्या पानावर उतरवते आणि दर वेळी त्याच्यापुढे एखादं कारण आपोआप येऊन बसतं. बाबांची तपासणी, पाऊस, कोणाचं लग्न. खरं कारण मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं, ते इथे लिहिते. आर्वीच्या त्या घरात मी ती ओळ वाचली की बाबा खोटे ठरतात. नाही वाचली तर उरकुडे घोडा मारणारे म्हणून जातात. दोन म्हातारी माणसं आहेत, आणि त्यातलं कोण आधी जातं याची मी वाट पाहत बसले आहे.

या आठवड्याची यादी समोर आहे. विजेचं बिल, झालं. बाबांचा रक्तदाब, झाला. मास्तरांकडे सांभाराचं बी, दिलं. शेवटची ओळ: ‘आर्वी. सकाळची एसटी. वही सोबत घेणे. दहा वीसची ओळ आधी वाचणे.’ वही पिशवीत घातली आहे, पिशवी दाराच्या खुंटीला आहे. त्या ओळीपुढे अजून काही खूण नाही.